शेतकरी निघाला की पेठ निघाली
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आम्ही धारूरची माणसं. आमचा किल्ला तुम्हाला ठाऊक आहे. १९९९ साली धारूर तालुका झाला, तेव्हा वाटलं, आता गाव वाढणार. पण कचेरीची पाटी लागली म्हणून पेठ चालत नाही. पेठ चालते शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीवर.

दसऱ्याच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरात सीताफळ पिकतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण तेच दिवस आमची माणसं गाव सोडण्याचे. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, की चालले कारखान्यावर, कोपीत राहायला. घराला कुलूप, ओट्यावर म्हातारी. मग किराणावाला, शिंपी, चहावाला कुणाची वाट बघणार? पाडव्याच्या मागंपुढं माणसं परततात, तेव्हा कैकांच्या अंगावर उचल बाकीच असते. पेठेत खर्चायला पैसा कुठला?

याची किंमत बाया शरीरानं मोजतात. जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची २०१९ साली सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ बायांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. आजारी पडली तर खाडा, खाडा पडला तर पैसे कापले. मग पिशवीच काढा, असा हा हिशेब!

लोक म्हणतात, पाऊस नाही म्हणून ही गत. दुष्काळ खरा. पण पाऊस झाला, माल आला, त्या वर्षी काय होतं? सोयाबीनचा भाव चढला, तर डिसेंबर २०२१ मध्ये वायदेबाजार बंद केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आमचा कापूस घरात यायच्या तोंडावर आयातीवरचं ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि आडतीत पट्टी त्याच्या खालीच निघाली. आभाळ मारतं ते काही वर्षं. धोरण मारतं ते दरसाल.

हे एकट्या बीडचं नाही. अमेरिकेतल्या आयोवात १९८० नंतर धान्याचे भाव पडले, व्याज चढलं, शेतं लिलावात गेली. शेतकऱ्यामागोमाग तिथल्या लहान गावांतली दुकानं आणि बँकाही बुडाल्या. ट्रॅक्टरवाल्याची ही गत, तर आपल्या कोरडवाहू दोन एकरांचं काय?

म्हणून पेठेतला दुकानदार आपला वैरी नाही. त्याचं शटर आपल्याच मालाच्या भावावर उघडतं. त्याला बैठकीत सोबत आणा. आणि प्रत्येक गावानं एका वहीत लिहावं: यंदा किती कोयते गेले, किती क्विंटल माल विकला, काय भावानं, आणि खर्च किती आला. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. मागणी तोंडी केली की भाषण होतं, हिशेब मांडला की सरकारला उत्तर द्यावं लागतं.

आम्ही धारूरची वही घेऊन येतो. तुमची आणा.