त्या हसणाऱ्यांत माझी नातही होती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी अवघड विषय काढते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पण हळदीकुंकवाला जे बोलणे आपण टाळतो, ते निदान मंडळात तरी व्हावे.

आपल्या हिंगणघाटातलीच, आमच्या शेजारची एक मुलगी पाचवीत आहे. एके दिवशी पोट दुखते म्हणून ती घरी राहिली. दुसऱ्या दिवशी डोके दुखू लागले. चौथ्या दिवशी आईने जवळ घेऊन विचारले, तेव्हा खरे कळले. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना बाईंनी तिला वर्गापुढे उभे केले आणि जातीचे नाव घेऊन म्हटले, ‘तुम्हाला काय, बसल्या जागी मिळते!’ सारा वर्ग हसला.

आई मला म्हणाली, ‘काकू, बोलायला गेले तर बाई पोरीवर डूख धरतील. वर्ष तिला तिथेच काढायचे आहे.’

ही भीती खोटी नव्हे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. बसायला ते घरून गोणपाट नेत. शिपायाने पाणी दिले तरच प्यायचे. शिपाई नसला की तहान तशीच घरी न्यायची. त्याच शाळेत एक शिक्षक मात्र आपल्यातील भाजीभाकरी त्यांना देत. ती माया बाबासाहेब कधी विसरले नाहीत. शिक्षकाचा एक शब्द मूल जन्मभर बरोबर वागवते, मग तो मायेचा असो की अपमानाचा.

आपल्या नागपूरच्या जाईबाई चौधरी तर स्वतः शिक्षिका होत्या. त्यांची जात कळताच पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि त्यांची नोकरी गेली. त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली.

आज कायदा आपल्या बाजूला आहे. राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. परंतु कायदा आपल्या पायांनी शाळेत जात नाही, त्याला आपण न्यावे लागते.

म्हणून सांगते. मूल बोलले तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. ‘तूच काही केले असशील’ असे म्हणू नका. काय शब्द वापरले, कोणत्या दिवशी, कोणी ऐकले, हे वहीत लिहून ठेवा. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. तेथे विषय मांडा. तेवढ्यानेही न भागले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. आणि मुख्य म्हणजे, त्या आईला एकटीला पाठवू नका. एकट्या बाईवर डूख धरणे सोपे असते. चौघींवर धरणे अवघड जाते.

आम्ही चौघी गेलो. चौघी चार समाजांच्या. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतले. बाईंनी वर्गात माफी मागितली नाही, हे खरेच सांगते. पण आता अर्ज कचेरीत भरले जातात, वर्गात जात पुकारली जात नाही. मुलगी शाळेत जाते. मात्र पूर्वीसारखा पहिला हात वर करत नाही. तो हात पुन्हा वर यायला वेळ लागेल.

शेवटी माझ्या घरची गोष्ट. वर्गात जी मुले हसली, त्यांत माझी नातही होती. तिला विचारले, ‘का गं हसलीस?’ ती म्हणाली, ‘आजी, आपल्या घरीही असेच बोलतात ना!’

भगिनींनो, त्या दिवशी शाळेत जाण्याआधी मला माझ्या स्वयंपाकघरात बोलावे लागले. आपणही तेथूनच आरंभ करू या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.