चालत्या देहाची वीज

मनगटी घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागे, त्या काळी घड्याळ बिघडण्याचे एक कारण ती किल्लीच होती. तिच्या दांडीलगतच्या फटीतून धूळ आणि ओल आत शिरे. जॉन हारवूड या इंग्रज कारागिराने ही फटच नाहीशी करण्याचे ठरविले. त्याने घड्याळाच्या पोटात एक झुलते वजन बसविले. हात हलला की वजन झुले आणि कमान आपोआप आवळली जाई. १९२४ साली या रचनेला स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळाले. पुढे १९८८ साली सेइको या जपानी कंपनीने अशाच वजनाकडून चिमुकले जनित्र फिरवून घेतले आणि विजेचे घड्याळ चालविले.

हाताच्या हालचालीवर घड्याळ चालते, तर अंगावर वागविण्याची सारीच उपकरणे का चालू नयेत, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. उत्तर उपकरणाच्या भुकेत आहे. क्वार्ट्झ घड्याळाला वॅटचा काही दशलक्षांश भाग पुरतो; खिशातल्या फोनला वापरात असताना त्याच्या लाखो पट वीज लागते. शिवाय देहाची हालचाल फुकटची नसते. पायांतील शक्ती अखेर ताटातल्या भाकरीतूनच येते. जनित्राचा भार वाढला, की चालणारा लवकर दमतो.

म्हणून शोध घ्यावयाचा तो वाया जाणाऱ्या शक्तीचा. पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकण्यापूर्वी मांडीमागील स्नायू त्याला लगाम घालतात, आणि त्याची गती उष्णतेच्या रूपाने विरून जाते. नेमक्या त्या क्षणी गुडघ्यावरील जनित्र जोडले जावे, अशी योजना कॅनडातील मॅक्स डोनेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली सिद्ध केली. दोन्ही पायांपासून सुमारे ५ वॅट वीज मिळाली, आणि ती निर्माण करण्याचा जादा भार स्नायूंवर फारसा पडला नाही. मात्र प्रत्येक पायावरचे यंत्र १.६ किलो वजनाचे होते. ते वाहण्याचे श्रम चालणाऱ्यालाच करावे लागले.

याहून मोलाचा प्रयत्न हृदयापाशी चालला आहे. पेसमेकरची बॅटरी काही वर्षांनी संपते, आणि बहुधा वृद्ध असलेल्या रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. वस्तुतः या यंत्राची भूक अगदी अल्प. २०१९ साली चीनमधील संशोधकांनी डुकराच्या हृदयस्पंदनांतून वीज मिळविली आणि तिच्याच बळावर त्याच्या हृदयाची बिघडलेली गती सावरून दाखविली. मानवी देहात असे यंत्र वर्षानुवर्षे टिकते, हे अजून सिद्ध व्हावयाचे आहे.

देह देतो ते थोडेच देतो; परंतु अखंड देतो. त्या थोडक्यात भागविणे यंत्राला साधले, तर एखाद्या रुग्णाची पुढची शस्त्रक्रिया टळेल.