'नेसेसरीज' म्हणजे काय?

(नभोवाणीवरील भाषण)



'नेसेसरी' हे इंग्रजी विशेषण आपल्या बोलण्यात केव्हाच रुळले आहे. त्यापासून झालेल्या 'नेसेसरीज' या अनेकवचनी नामाचा अर्थ विचारला, तर 'जीवनावश्यक वस्तू' असे चटकन् सांगून आपण मोकळे होतो. अन्न, वस्त्र, निवारा ही त्रयी मग ओघानेच येते. परंतु हा शब्द वाटतो तितका सरळ नाही.

अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली त्याची फोड केली. केवळ जगण्यास लागते तेवढेच नव्हे, तर ज्यावाचून चारचौघांत वावरण्याची गरिबालाही लाज वाटेल, तेही त्याने आवश्यक मानले. प्राचीन ग्रीकांचे लिननच्या सदऱ्यावाचून काही अडले नाही; स्मिथच्या काळच्या मजुराचे मात्र अडत होते.

न्यायालयांनी या शब्दाला अधिक बारीक कस लावला. 'नॅश विरुद्ध इनमन' हा इंग्लंडमधील १९०८ सालचा खटला प्रसिद्ध आहे. केंब्रिजच्या एका अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, विद्यार्थ्यावर शिंप्याने कपड्यांच्या बिलाचा दावा लावला होता. त्या कपड्यांत ११ झोकदार वेस्टकोट होते! मुलाजवळ पुरेसे कपडे अगोदरच असल्याचे दिसून आले, आणि शिंप्याचा दावा फेटाळला गेला. कपडे आवश्यक खरे. पण ते त्या मुलास, त्या वेळी आवश्यक होते काय, हा प्रश्न होता.

आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याचे ६८ वे कलम याच शब्दावर उभे आहे. अज्ञान मुलाने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक नसतो. तरीही त्याच्या स्थितीला साजेशा आवश्यक वस्तू कोणी पुरविल्या, तर त्याची भरपाई त्या मुलाच्या मालमत्तेतून मिळू शकते. ही सोय नसती, तर पोरक्या मुलास उधारीवर धान्य देण्यास कोणता दुकानदार धजावला असता?

काळ बदलला की यादीही बदलते. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, भारत सरकारने मुखपट्टी व सॅनिटायझर यांना त्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंत अत्यावश्यक वस्तू ठरविले. आदल्या वर्षी ही गोष्ट कोणाच्या मनातही आली नसती.

म्हणून 'नेसेसरीज'चा अर्थ सांगताना 'कोणाला?' आणि 'केव्हा?' हे दोन प्रश्न सोडून चालत नाही. दुसऱ्याच्या गरजेला 'चैन' म्हणण्यापूर्वीही ते स्वतःस विचारावेत, हे बरे.