वादळ कोणाच्या पापाचे?

कोएन बंधूंच्या ‘अ सीरियस मॅन’ (२००९) या चित्रपटाचा शेवट मुद्दामच अधांतरी ठेवलेला आहे. काळ १९६७ सालचा, स्थळ अमेरिकेतील मिनेसोटा. ज्यू प्राध्यापक लॅरी गॉपनिक वकिलाचे ३,००० डॉलरचे बिल पाहतो आणि लाचेचे पाकीट ठेवून गेलेल्या विद्यार्थ्यास काठावर उत्तीर्ण करतो. तोच डॉक्टरांचा फोन येतो: क्ष-किरण चित्राविषयी समक्ष बोलायचे आहे. तिकडे मुलाच्या शाळेवर चक्रीवादळ चालून येते, आणि चित्रपट संपतो.

देवाने शिक्षा केली, असे म्हणून पुष्कळजण मोकळे होतात. मला हे मान्य नाही. ते चित्र आरंभीच काढलेले आहे. आजार असलाच तर तो लाचेच्या आधीचा. आणि वादळासमोर उभ्या असलेल्या पोरांनी कोणाचे गुण वाढवले होते? बायबलमधील ईयोबाच्या कथेतही, दुःख हे पापाचेच फळ असे सांगणाऱ्या मित्रांवरच देव अखेर कोपतो.

१९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. अस्पृश्यता हे पाप होतेच, याविषयी दोघांत वाद नव्हता. परंतु हा न्याय मानला, तर ढिगाऱ्याखाली मेलेल्या अस्पृश्यांचे पाप कोणते?

शेवटच्या दृश्यात आणखी एक गोष्ट आहे. मुले बाहेर ताटकळत आहेत आणि वृद्ध शिक्षकांना आसऱ्याच्या तळघराचे दार उघडता येत नाही. शिक्षेची चर्चा करणारे या दाराविषयी सहसा बोलत नाहीत.