सीट मोडली, दोष वजनाचा?



आज आम्ही गाडीच्या सीटबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपल्यातल्या किती जणींकडे गाडी आहे? पण आता बचत गटातल्या बायका कर्ज काढून व्हॅन, रिक्षा, टेम्पो घेतात आणि स्वतः चालवतात. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांनीही ऐका. सीटचं जे झालं ते उद्या शिलाई मशीनचं, खुर्चीचं, गिरणीचंही होईल.

आमच्या गटातल्या एक ताई शाळेच्या मुलांची ने-आण करतात. सहा लाखांची नवी व्हॅन, बँकेचं कर्ज, दर महिन्याला हप्ता. गाडी घेऊन चौदा महिने झाले आणि चालकाची सीट डावीकडे झुकायला लागली. वळणावर कट-कट आवाज यायचा. ब्रेक दाबला की पाठ टेकायची जागा हलायची. ताईंची कंबर धरली. त्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. तिथला मुलगा गाडीभोवती एक चक्कर मारून हसत म्हणाला, "काकू, तुमचं वजन बघा की. सीट बिचारी काय करणार? हे वॉरंटीत बसत नाही."

बाजूला चार पुरुष उभे होते, तेही हसले. ताई काही न बोलता परत आल्या. कुशनवाल्याकडून नऊशे रुपये देऊन सीटमध्ये जाड फोम भरून घेतला. पंधरा दिवसांत सीट पुन्हा झुकली.

ही गोष्ट त्यांनी गटाच्या बैठकीत सांगितली, तेव्हा खरं सांगायचं तर आम्हीही हसलो. कुणी म्हणालं, भात कमी खा. कुणी म्हणालं, सकाळी चालायला जा. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा आम्ही गप्प झालो. मग एका आजींनी विचारलं, "गाडी विकताना यांनी वजन विचारलं होतं का?"

तो प्रश्न आमच्या डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्यात रिकाम्या गाडीचं वजन होतं. माणसं-सामान धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन किती असावं, तेही होतं. किती माणसं बसवायची ते आरसीवर होतं. पण चालकाचं वजन इतक्या किलोच्या आत हवं, असं कुठेच नव्हतं. उपकेंद्रातल्या काट्यावर ताईंचं वजन भरलं 76 किलो. आता हे ऐका. गाड्यांच्या धडक चाचणीत चालकाच्या जागी माणसाएवढा पुतळा बसवतात. आपल्या देशातल्या भारत एनकॅप चाचणीतही तो असतो. मध्यम बांध्याच्या पुरुषाचा हा पुतळा सुमारे 78 किलोचा असतो. म्हणजे आमच्या ताई त्या पुतळ्यापेक्षा हलक्याच! आणि समजा त्यांचं वजन 95 किलो असतं, तरी काय? मर्यादा असेल तर ती विकताना सांगायला हवी. सीट मोडल्यावर सांगून काय उपयोग?

तरी आम्ही आधी आपली बाजू तपासली. गाडीत ठरल्यापेक्षा जास्त मुलं बसवली का? सीटवर सिमेंटची, धान्याची पोती ठेवली का? तसं केलं असेल तर कंपनीचं म्हणणं खरं ठरतं. ताईंनी तसं काही केलं नव्हतं. मग त्याच शाळेवर तीच व्हॅन चालवणाऱ्या दोघांना विचारलं. त्यातले एक दादा अगदी काटकुळे. त्यांचीही सीट डावीकडेच झुकली होती! त्यांना सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं होतं, "तुम्ही एका बाजूला कलून बसता." जाड बाईला वजन, बारीक माणसाला बसण्याची सवय. सीटमध्ये दोष असेल, असं मात्र कुणीच म्हणालं नाही.

मैत्रिणींनो, हा नुसता कंबरेचा प्रश्न नाही. चालकाच्या मागे आपली लेकरं बसतात. मागून दुसरी गाडी धडकली आणि सीटची पाठ मोडून मागे पडली, तर चालकाचं सगळं अंग मागच्या लेकरावर जातं. अमेरिकेत अशा अपघातांवरून कंपन्यांवर खटले झाले आहेत. तिथला सीटच्या मजबुतीचा नियम 1960 च्या दशकातला आहे आणि तो अपुरा आहे, अशी तक्रार तिथे कित्येक वर्षं चालू आहे. म्हणून हलणारी सीट म्हणजे किरकोळ गोष्ट समजू नका.

मग आम्ही तिघी ताईंबरोबर सर्व्हिस सेंटरला गेलो. भांडलो नाही. एवढंच म्हणालो, "जॉब कार्ड करा आणि त्यावर तक्रार लिहा. वॉरंटीत बसत नसेल तर कारण लिहून, सही-शिक्का करून द्या. वजन जास्त आहे हेच कारण असेल तर तेच लिहा आणि किती किलो चालतं तेही लिहा." तो मुलगा आत गेला, साहेब बाहेर आले. 'वजन' हा शब्द लिहून द्यायला कुणीच तयार होईना. शेवटी तक्रार लिहून घेतली. बारा दिवसांनी कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने आधी कुशनवाल्याच्या फोमकडे बोट दाखवलं. आम्ही फोम भरण्याच्या आधीचे फोटो दाखवले, त्यातही सीट झुकलेली दिसत होती. मग त्याने सीट खोलली. ज्या पट्टीवर सीट पुढेमागे सरकते, तिथल्या डाव्या बाजूचं वेल्डिंग सुटलं होतं. सीटचा सांगाडा वॉरंटीत बदलून मिळाला. नऊशे रुपये मात्र बुडाले. दोष काय होता ते कागदावर लिहून द्यायलाही त्यांनी टाळाटाळ केली. त्या दादांना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनीही जॉब कार्ड करून घेतलं.

सीट बदलली नसती तर काय करता आलं असतं, ते आता सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे, तो जुलै 2020 पासून लागू झाला. पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली गाडी असेल, तर आपण ग्राहकच आहोत. 'तुमची गाडी धंद्याची आहे' असं म्हणून कुणी हाकलून लावलं, तर ऐकू नका. पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. 1915 या नंबरवर फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथे तक्रारीचा नंबर मिळतो, तो लिहून ठेवा.

त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी तक्रार करायला कंपनीच्या गावी जावं लागेल की काय अशी भीती असायची. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. पाच ते दहा लाखांच्या वस्तूला फी 200 रुपये, म्हणजे ताईंच्या गाडीला एवढीच लागली असती. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. दोष नुसता डोळ्यांना कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. वस्तूमुळे इजा झाली आणि ती वस्तू कशी वापरायची, काय टाळायचं याची पुरेशी सूचना कंपनीने दिलेली नसेल, तर त्याबद्दल कंपनीला जबाबदार धरता येतं. आजींचा प्रश्न कायद्यातही आहे, बघा! पण वस्तूत आपण फेरफार केला असेल तर विक्रेता त्याच कायद्याचा आधार घेऊन सुटू शकतो. म्हणून वॉरंटी चालू असताना गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे सीट नेऊ नका.

एकाच मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांत सुरक्षेचा दोष निघाला, तर कंपनीने त्या गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करायच्या असतात. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने सरकारला तसा आदेश देता येतो. मालकांच्या नोंदलेल्या तक्रारी हा त्याचा एक आधार असतो. काही वेळा कंपन्या स्वतःहूनही बोलावतात. जानेवारी 2023 मध्ये मारुती सुझुकीने मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटमध्ये दोष असण्याच्या शक्यतेवरून 11,177 ग्रँड विटारा गाड्या तपासायला बोलावल्या होत्या. पण लाजेने घरी बसलेल्या बाईची तक्रार कुठल्याच मोजणीत येत नाही.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. बिल, वॉरंटीचा कागद आणि पुस्तिका एका पिशवीत जपून ठेवा. सीट झुकली, हलली, सरकवल्यावर पट्टीत घट्ट अडकली नाही, की लगेच तारखेसह फोटो काढा. जॉब कार्डाशिवाय गाडी सोडू नका आणि त्यावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहिली आहे का, ते वाचूनच सही करा. एकट्या जाऊ नका, गटातल्या दोघींना बरोबर घ्या. तशीच गाडी असलेल्या दुसऱ्या मालकांना विचारा. आणि कुणी तुमच्या अंगावर बोललं, तर शांतपणे म्हणा, "हेच लिहून द्या."

आमच्या ताई आता पुन्हा रोज गाडी चालवतात. चालायला जायचं की नाही ते त्या आणि त्यांचे डॉक्टर बघतील. त्यांच्या वजनावर आम्ही आता बोलत नाही.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एक काम करा. गेल्या दोन वर्षांत घेतलेली कुठली वस्तू बिघडली आणि 'तुमचीच चूक' म्हणून कुणाला परत पाठवलं, हे एकेकीला विचारा. बघा, किती जणी बोलायला लागतात.