उतारावरची वीज : विद्युत दुचाकीचा ब्रेक आणि नियंत्रक



राळेगणसिद्धीच्या माळावर पडलेले पावसाचे पाणी पूर्वी उताराने धावत ओढ्यात जाई आणि गावाला कोरडे ठेवून पुढे निघून जाई. १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे नालाबांध आणि पाझर तलाव उभे राहिले. धावते पाणी अडवावे आणि मुरवावे, एवढेच त्यामागील सूत्र होते. पुढे मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेसाठी पथदर्शी गाव म्हणूनही राळेगणचीच निवड झाली. आता खेड्यापाड्यांतून विद्युत दुचाकी फिरू लागली आहे, आणि उतारावर तिची धाव अडवण्याचा प्रश्न काहीसा त्या पाण्यासारखाच आहे.

साधा ब्रेक गाडीची गती घर्षणाने उष्णतेत घालवतो. परंतु मोटर ही उलट बाजूने पाहिल्यास जनित्रच असते. चाकाने मोटर फिरवली की वेटोळ्यांत वीज निर्माण होते, आणि ती वीज बॅटरीकडे वळवली की चाकाला विरोध होऊन वेग उतरतो. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बोरघाटात विजेची गाडी धावू लागली तेव्हा उतारावरील वीज तारेत परत देण्याची सोय ‘खेकडा’ नावाने ओळखल्या गेलेल्या इंजिनांत होती.

मिळकत मात्र माफक आहे. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो वजन धरले, तर १०० मीटर उंची उतरताना हिशेबाने सुमारे ५४ वॅट-तास ऊर्जा सुटते. म्हणजे एका युनिटचा अठरावा हिस्साही नाही. वारा, टायर आणि मोटर यांतील घट वजा जाता हाती येते ते याहून कमी. ताशी ४० किलोमीटर वेगाची तीच गाडी सपाटीवर एकदा थांबवली, तर साडेतीन वॅट-तासही पदरी पडत नाहीत. तेव्हा बॅटरी भरण्यासाठी म्हणून या सोयीचे अप्रूप नको. ब्रेकचे लायनर टिकते आणि लांब उतारावर ब्रेक तापत नाही, हा तिचा खरा उपयोग.

या व्यवहाराचा कारभारी म्हणजे नियंत्रक, ज्याला गॅरेजमध्ये कंट्रोलर म्हणतात. त्याची खरी परीक्षा एका साध्या प्रसंगी होते. उंचावरील वस्तीवरचा दूधवाला रात्रभर बॅटरी भरतो आणि पहाटे कॅन लादून उतरू लागतो. काठोकाठ भरलेली बॅटरी आणखी वीज घेऊ शकत नाही, आणि नियंत्रकाला मोटरचा ब्रेक सोडून द्यावा लागतो. रोज त्याच ब्रेकवर विसंबणारा स्वार ऐन उतारावर फसतो. चांगला नियंत्रक हा जोर एकदम न सोडता हळूहळू कमी करतो आणि फलकावर सूचना देतो. अशा वस्तीवर बॅटरी थोडी रिकामी ठेवलेली बरी. शिवाय वेग अगदी कमी झाला की मोटरचा ब्रेक क्षीण होतो. हाताचा ब्रेक नेहमीच सुस्थितीत हवा.

ब्रेकचा दांडा किंचित दाबताच मोटरचा पुरवठा तुटावा आणि मागील दिवा लागावा. ब्रेकचा जोर झटक्याने नव्हे, चढत्या क्रमाने यावा. ओल्या मुरुमावर झटका बसला तर चाक घसरते. मोटर आणि नियंत्रक तापल्यास प्रवाह आपोआप घटावा. काही स्वस्त नियंत्रक वेटोळ्यांची टोके केवळ एकमेकांस जोडून गाडी थांबवतात. त्यात वेग उतरतो, पण वीज परत येत नाही आणि सारी उष्णता मोटरच्या पोटात राहते.

सायकलला मागाहून मोटर बसवणाऱ्यांनी आसाच्या नटांकडे विशेष पाहावे. मोटर चालताना आसाला एका दिशेने पीळ बसतो, ब्रेकच्या वेळी उलट दिशेने; या हेलकाव्याने नट सैल होतात. आसाला पीळ रोखणारी पोलादी पट्टी हवीच. चाकाच्या तुंब्यात दातेरी चक्रे आणि एकाच दिशेने पकडणारी कळ असलेल्या मोटरी मात्र असा ब्रेक देऊच शकत नाहीत.

शिक्षकांना हा विषय वर्गात दाखवणे सोपे आहे. दातेरी चक्रे नसलेले मोटरचे सुटे चाक घ्यावे. ते बॅटरीला किंवा नियंत्रकाला जोडलेले नसावे. त्याच्या तीन जाड तारा मोकळ्या असताना ते हाताने सहज फिरते. त्यांतील दोन तारा एकमेकींना जोडल्या की तेच चाक अडखळत, जड फिरू लागते. तिन्ही जोडल्या की आणखी जड.