रात्रीची टॅक्सी आणि पावती
आखातात घरकाम करून परतणारी आपल्या संभाजीनगरची बाई मुंबई विमानतळावर कित्येकदा मध्यरात्री उतरते. इकडची गाडी दादरहून, पहाटे. तिला सल्ला एकच: "न्यायला कुणी पुरुष माणूस येऊ दे." समुद्रापार एकटी राबली तेव्हा कुठे होता हा पुरुष?

प्रीपेड खिडकीवर पैसे भरून पावती घ्यायची. ती चालकाला दादरला उतरल्यावरच द्यायची. तिच्यावरच त्याला भाडं मिळतं. गाडीचा नंबर घरी कळवायचा. अडचण आली तर 112.

2008 साली मुंबईत 'प्रियदर्शिनी' टॅक्सीसेवेत बायकांनी स्टिअरिंग हाती घेतलं. छानच! पण रात्री रांगेत येईल ती टॅक्सी घ्यावी लागते. म्हणून साक्षरता वर्गात पुढच्या खेपेला आधी ही पावतीच वाचू.